ऑइल कूलर काढायचा की ठेवायचा?

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

प्रश्न : काका, माझ्याजवळ 2013 ची आठ सीटर टर्बो डिझेल गाडी आहे. घरी कपाशी आणि तुरीची शेती. वेचणीच्या बायांना शेतावर नेण्यापासून लग्नसराईत नागपूर-अमरावतीपर्यंत गाडी सगळीकडे धावते. मीटर 1,90,000 च्या पुढे गेलं आहे. मार्चमध्ये कूलंटच्या बाटलीत तपकिरी, चिकट गाळ दिसला. आमच्या मिस्त्रीनं हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, त्याच्या आणि ब्लॉकच्या मधली पट्टी) गेलं म्हणून हेड उतरवलं, फेस करून म्हणजे घासून सपाट करून आणलं, गॅस्केट नवं टाकलं. पंधरा दिवसांत बाटली पुन्हा तपकिरी. मग दुसऱ्या गॅरेजात ऑइल कूलर लीक असल्याचं निघालं. गाडी तशीही ऑइल खात होती, म्हणून आता इंजिन पूर्ण खोललं आहे. मिस्त्री म्हणतो, "ते कूलर काढूनच टाका ना भाऊ. बायपास मारून देतो. राहीनच नाही तं लीक काऊन होईन?" पुण्याचा भाचा म्हणतो, बाजारात मिळतो तो मोठा हवेवरचा कूलर रेडिएटरपुढे लाव. कंपनीचा नवा कूलर महाग सांगून राहिले. कोणाचं ऐकू?
(एक शेतकरी वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : कूलर ठेवा. मात्र जुनाच बसवायचा की नवा आणायचा, हा प्रश्न वेगळा आहे आणि तुमच्या मिस्त्रीनं तो अजून स्वतःला विचारलेला दिसत नाही. त्याच्याकडे येतोच.

राहीनच नाही तर लीक कसा होईल, हा युक्तिवाद बिनतोड आहे. त्या हिशेबानं रेडिएटर आणि वॉटर पंपही काढून टाकता येतील. तेही पुन्हा कधी लीक होणार नाहीत. तुम्ही गाडीचं नाव कळवलं आहे, पण ते इथे छापत नाही. हे दुखणं कुठल्या एका कंपनीचं नाही. ऑइल आणि पाणी जिथे पातळ पत्र्याच्या दोन बाजूंनी वाहतं, तिथे वय झालं की ते कुठल्याही गाडीत होतं.

आधी तो कूलर करतो काय ते पाहू. तुमच्या इंजिनात ऑइल फिल्टर ज्या हाऊसिंगवर बसतो, त्याच्या मागे तळहाताएवढा एक डबा आहे. त्याच्या आत पातळ पत्र्याच्या चकत्या भाकरीच्या चळतीसारख्या एकावर एक जोडलेल्या असतात. एका फटीतून ऑइल जातं, पुढच्या फटीतून कूलंट, त्याच्या पुढच्या फटीतून पुन्हा ऑइल. दोघांची भेट कधीच होत नाही, फक्त पत्र्यातून उष्णता इकडची तिकडे जाते. मी पाना हातात धरला तो एसटीच्या डेपोत, आणि नंतर हिंगणघाटला हायवेच्या कडेला स्वतःचं गॅरेज टाकलं. बसच्या इंजिनांतही हीच व्यवस्था असते. टाटा-कमिन्सच्या 5.9 लिटरच्या इंजिनात तर या चकत्या फिल्टर हेडच्या मागे थेट ब्लॉकच्या पोटात बसवलेल्या असतात. म्हणजे कूलर हा नंतर लटकवलेला दागिना नाही. इंजिन कागदावर काढलं तेव्हापासूनच तो हिशेबात धरलेला असतो.

टर्बो डिझेलमध्ये ऑइलला वंगणाशिवाय आणखी दोन मोठी कामं असतात. पिस्टनच्या पोटाखाली ऑइलचे फवारे मारलेले असतात, ते पिस्टनची उष्णता ओढून घेतात. टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, दांडी ऑइलवरच तरंगत फिरते आणि तिथली उष्णताही ऑइलच घेऊन चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या पेटीत, परत येतं. ही सगळी उष्णता कुठेतरी टाकावी लागते. थोडी चेंबरच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेला जाते, बाकीची कूलरमार्फत कूलंटला आणि तिथून रेडिएटरला.

आता आपल्याकडचा मे आठवा. चंद्रपूर, ब्रम्हपुरी, अकोला, वर्धा, कुठलंही नाव घ्या, पारा 45 च्या वर जातो. चेंबरला लागणारी हवाच 45 अंशांची, आणि डांबराच्या वीतभर वरची हवा त्याहूनही गरम. थंड हवेच्या गावात बायपास मारलेली गाडी काही वर्षं ओढून जाईलही, तुमच्याकडे तिला ती सवलत नाही. आठ माणसं, एसी चालू आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढतो आहे, हा प्रसंग डोळ्यापुढे ठेवून निर्णय घ्या.

तुमचा मिस्त्री म्हणेल, "बायपास मारलेल्या किती गाड्या चालून राहिल्या, एकाचाही काटा वर नाही गेला." खरं आहे, काटा वर जाणारच नाही. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचा, म्हणजे कूलंटचा आहे, ऑइलचा नाही. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो आणि पाण्याला त्याच्या आसपास धरून ठेवतो. त्यातही हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. पाणी दहा-पंधरा अंश इकडेतिकडे झालं तरी तो मधोमधच उभा असतो, ग्राहक घाबरू नये म्हणून. ऑइलचा काटा आपल्या साध्या गाड्यांत नसतोच. त्यामुळे पाणी 90 वर आणि ऑइल 130 वर, असं चाललं असलं तरी चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

आणि 130 वर काय बिघडतं? ऑइल 90 ते 110 अंशांत असलं की ते नेमून दिलेलं काम करतं. 15डब्ल्यू-40 ऑइलची 100 अंशांवरची जाडी मानकाप्रमाणे 12.5 ते 16.3 सेंटिस्टोकच्या (हे ऑइलची जाडी मोजायचं माप) दरम्यान असावी लागते. तेच ऑइल 130 अंशांवर नेलं तर ती जाडी जवळपास निम्मी होते. बेरिंग आणि क्रँक यांच्यामधला पडदा म्हणजे ही जाडीच. शिवाय ऑइल जुनं होण्याचा वेग दर 10 अंशांमागे साधारण दुप्पट होतो, असा वंगणाच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. म्हणजे दहा हजार किलोमीटरचं म्हणून टाकलेलं ऑइल त्याच्या कितीतरी आधी मरतं, टर्बोच्या नळीत काळी राख होऊन बसतं, आणि टर्बो गेला की तुम्ही म्हणता टर्बोच हलका होता.

थंडीचा मुद्दाही आहे आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पाणी लवकर तापतं, ऑइल उशिरा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा 10 च्या खाली उतरतो. पहाटे बायांना घेऊन पाच-सहा किलोमीटरवरच्या शेतात गेलात, गाडी बंद केली. एवढ्यात ऑइल धड तापतही नाही. अशा वेळी हाच डबा उलटं काम करतो : तापलेल्या पाण्याची उष्णता ऑइलला देतो. ऑइल लवकर तापलं की त्यात उतरलेली वाफ आणि डिझेलचा अंश उडून जातो. नाव कूलर असलं तरी वर्षातले तीन महिने तो हीटरची नोकरी करतो.

तुमच्या भाच्याचा हवेवरचा कूलर इथेच मार खातो. तो पाण्याला बांधलेला नाही, वाऱ्याला बांधलेला आहे. जानेवारीच्या सकाळी तोही जोमानं ऑइल थंड करत बसेल, ज्याची गरज नाही तेव्हा. त्यावर वेगळा ऑइल थर्मोस्टॅट बसवता येतो, पण बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जोडणीत बहुधा तो नसतो. मग दोन लांब होज, चार-सहा जॉइंट, आणि हे सगळं बंपरच्या मागे, खडीच्या माऱ्यात. हंगामात गाडी जिनिंगच्या आवारात उभी राहिली की रेडिएटरच्या जाळीवर कापसाचं सूत बसतं, तुरीच्या मळणीचा भुस्सा बसतो. त्याच्या पुढे अजून एक जाळी लावून तुम्ही एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर दोघांचीही हवा अडवणार. शेवटचं म्हणजे होज फुटलं तर सगळं ऑइल मिनिटभरात रस्त्यावर, आणि दिवा लागून तुम्ही गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिनाचं काम तमाम. शर्यतीच्या गाड्यांना तो कूलर शोभतो. त्यांचं ऑइल दर शर्यतीला पाहणारा माणूस असतो.

बायपासची आणखी एक खोड सांगतो. कूलर काढला की ऑइलची आत जायची आणि बाहेर यायची वाट नीट जोडून द्यावी लागते. कित्येक इंजिनांत पंपातून निघालेलं सगळं ऑइल कूलरमधून फिल्टरमध्ये आणि तिथून मेन गॅलरीत, म्हणजे बेरिंगांना ऑइल पुरवणाऱ्या ब्लॉकमधल्या वाटेत जातं. लेथवर पत्र्याची चकती कापून दोन्ही भोकं नुसती बुजवली, तर तुम्ही बेरिंगांचं ऑइलच तोडलं म्हणायचं. मिस्त्रीला गॅलरीचा रस्ता बोटानं दाखवायला सांगा. दाखवता आला नाही तर त्याच्या हातून बायपास तर नकोच, पण इंजिन बांधून घेण्याचाही फेरविचार करा. नीट बनवलेली बायपास प्लेट मी वाईट म्हणत नाही. रात्री मधल्या रस्त्यात कूलर फाटला आणि गाडी घरी आणायची आहे, तर एवढ्यापुरती ती कामाची.

आता कूलर कोणता, याकडे येतो. इंजिन खोललं आहे ते नेमकं कशासाठी? फक्त रिंग झिजल्या होत्या आणि गाडी ऑइल खात होती, की बेरिंगही उडालं होतं? याचं उत्तर जुन्या फिल्टरमध्ये आहे. मिस्त्रीनं तो फेकला नसेल तर मागून घ्या. तुमच्या गाडीत सुटा कागदी फिल्टर निघत असेल तर काम सोपं. पत्र्याच्या डब्याचा असेल तर डबा पत्रा कापायच्या कात्रीनं उघडा. हॅक्सॉनं कापू नका, तिचाच चुरा आत पडतो आणि मग आपण त्यालाच बेरिंग समजतो. कागदाच्या घड्या ब्लेडनं कापून वर्तमानपत्रावर उन्हात पसरा आणि ऑइल निथळू द्या. तासाभरानं कागद तिरपा धरून पहा. नुसता काळा मळ असेल तर ठीक. उन्हात चमकणारे चांदीच्या किंवा तांब्याच्या रंगाचे कण दिसले तर ते बेरिंगचे आहेत. लोहचुंबक त्यांना ओढत नाही, म्हणून चुंबक फिरवून निर्धास्त होऊ नका.

असे कण सापडले तर जुना कूलर भंगारात. मग तो लीक असो वा नसो. त्या चकत्यांच्या आत बारीक जाळी असते, ऑइलला घुसळायला. बेरिंगचा चुरा त्या जाळीत अडकतो, आणि डिझेलनं धुवून हवा मारली तरी पुरता निघत नाही. नवं इंजिन सुरू झालं, ऑइल तापलं, दाब आला की तो सुटतो आणि नव्या बेरिंगमध्ये जातो. इंजिन बांधून दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये पुन्हा बसलं की लोक मिस्त्रीला किंवा बेरिंगच्या कंपनीला शिव्या घालतात, आणि खरा गुन्हेगार तिसऱ्यांदा बसवायला धुऊन ठेवलेला असतो. याच कारणासाठी जुन्या बाजारातून काढलेला कूलरही घेऊ नका. त्या गाडीचं इंजिन कशानं गेलं, ते विकणाऱ्याला तरी कुठे माहीत असतं!

कण नसतील तर आधी तपासा. पुष्कळदा कूलर ठणठणीत असतो आणि त्याच्या खालच्या ओ-रिंग कडक होऊन चपट्या झालेल्या असतात. रबर बोटात दाबून पहा, नखाची खूण उमटत नसेल तर त्याचं आयुष्य संपलं. कूलरची स्वतःची परीक्षा पंक्चरवाल्याकडे होते. ऑइलच्या बाजूचं एक तोंड रबर आणि पट्टी लावून बोल्टनं बंद करा, दुसऱ्या तोंडाला व्हॉल्व्ह बसवून 2 ते 3 किलो हवा द्या. ट्यूब बुडवायच्या टबात गार पाणी न घेता चांगलं गरम पाणी घ्या, कारण चकत्यांची बारीक चीर तापल्यावरच उघडते. टबात धरून दहा मिनिटं थांबा. पाण्यात घातल्या घातल्या जे बुडबुडे निघतात ते चिकटून राहिलेल्या हवेचे असतात, तिकडे लक्ष देऊ नका. नंतर कूलंटच्या तोंडातून एका ओळीत, थांबून थांबून, मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे येत राहिले तर चकती फुटली आहे. तिला वेल्डिंग-ब्रेझिंग करत बसू नका.

हेड विनाकारण उतरलं, याचं तुमच्याइतकंच मलाही वाईट वाटलं. पुढच्या वेळेसाठी : चालू इंजिनात गरम ऑइलचा दाब 3-4 किलो असतो, आणि रेडिएटरचं झाकण साधारण 1 किलोला उघडतं. मग फुटलेल्या कूलरमधून कोण कुठे जाणार? ऑइल पाण्यात. म्हणून बाटली तपकिरी होते, गाडी मात्र गरम होत नाही, पांढरा धूर नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. हेड गॅस्केट गेलं की बहुतेकदा सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतो : बुडबुडे येतात, थंड इंजिन सुरू केल्या केल्या वरचं होज टणक होतं, पाणी बाहेर फेकलं जातं. हेड उतरवायच्या आधी निळ्या द्रावणाची गॅस टेस्ट करता येते. रेडिएटरच्या तोंडावर नळी धरायची, निळं पाणी हिरवं-पिवळं झालं तर गॅस आहे. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या तरी गॅरेजात हे साधन असतं.

उलटा प्रवासही होतो. गाडी बंद केली की ऑइलचा दाब शून्यावर येतो, पण गरम पाण्याचा दाब बराच वेळ टिकतो. तेव्हा त्याच चिरेतून पाणी ऑइलमध्ये उतरतं. तुमच्या पट्टीवर पातळी वाढलेली किंवा ऑइल दुधाळ झालेलं दिसलं होतं का, आठवा. दिसलं असेल तर मेन (क्रँकची) आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉडची) दोन्ही बेरिंग काढून पहा, नुसत्या रिंग टाकून इंजिन बंद करू नका.

बसवताना जागा साफ करायला एमरी पेपर वापरू देऊ नका, त्याची रेती ऑइलमध्ये जाते. लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी पुरते. नव्या ओ-रिंगवर फक्त ऑइलचं बोट फिरवायचं. आपल्या मिस्त्र्यांना गॅस्केटवर वरून सिलंट फासल्याशिवाय झोप येत नाही. तो जादा सिलंट आतल्या बाजूनं मण्यासारखा सुटतो आणि पिस्टनच्या फवाऱ्याच्या भोकात जाऊन बसतो. बोल्ट टॉर्क रेंचनं, कंपनीनं दिलेल्या आकड्यावर. हाऊसिंग ॲल्युमिनियमचं आहे, "हातानं कळते मले" म्हणणाऱ्यांनी त्याचे पुष्कळ आटे मारले आहेत.

पाण्याचा रस्ता धुणं हे अर्धं काम आहे. थर्मोस्टॅट काढून, डिग्रीझर टाकून, गरम करून, सोडून, पुन्हा भरून, पाणी स्वच्छ येईपर्यंत करावं लागतं. केबिनचा हीटर चालू ठेवा, त्याच्या कॉइलमध्येही ऑइल बसलेलं असतं. धुण्याचा सोडा मात्र टाकू नका, तो ॲल्युमिनियम खातो. ऑइलनं फुगलेले होज, झाकणाचं रबर आणि थर्मोस्टॅट नवे घ्या.

आणि मुळात कूलर सडला कशानं? तुम्ही विचारलं नाही, पण पत्राच्या दुसऱ्या पानावर "बोअरचं पाणी टॉपअप करतो" हे वाक्य आहे. तेच. पाणी तापवायच्या भांड्याला ज्या पाण्याचा पांढरा थर धरतो, तेच पाणी तुम्ही त्या बारीक फटींत घालता. आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे, तर विहिरी-बोअरचं पाणी खारटच. मीठ ॲल्युमिनियमला भोकं पाडतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कशाला, असं लोक विचारतात. कूलंटमध्ये गंज थांबवणारी औषधं असतात, आपल्याला ती हवी आहेत. तयार मिश्रण घ्या, किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घालून निम्मं-निम्मं करा आणि डब्यावर लिहिलेल्या मुदतीत बदला. डिकीत पाण्याची बाटली ठेवायचीच असेल तर त्याच मिश्रणाची ठेवा.

पैशाचं म्हणाल तर नवा कूलर क्रँक ग्राइंडिंग, बेरिंग सेट, पिस्टन-रिंग आणि मजुरीच्या बिलाशेजारी ठेवून पहा. एवढा खर्च करून त्या सगळ्याला वाचवणारा डबाच काढून टाकायचा, हे मला पटत नाही. इंजिन बांधून झालं की डिझेल बंद ठेवून आधी नुसता स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, दम घेत घेत. कूलर आणि फिल्टर रिकामे असतात, ते भरायला वेळ लागतो. पहिल्या हजार किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदला, आणि तो फिल्टरही कापून पहा.

प्रश्न : भाऊ, माझी छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. तिला ऑइल कूलरच नाही असं कळलं. उन्हाळ्यात बाहेरून लावून घेऊ का?
(एक वाचक, चांदूर बाजार, जि. अमरावती)

उत्तर : नको. टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल इंजिनाचं ऑइल चेंबरच्या हवेवरच पुरेसं थंड राहतं, म्हणून कंपनीनं दिला नाही. तुम्ही चेंबरखाली "इंजिन वाचावं" म्हणून लोखंडी पत्रा ठोकला असेल तर तो भोकांचा आहे ना, तेवढं पहा. आणि ऑइलची पातळी महिन्यातून एकदा पट्टीवर तपासा. तीन लिटरच्या आसपास ऑइल असलेल्या इंजिनात लिटरभर कमी झालं तर उरलेल्याला दीडपट काम पडतं.

प्रश्न : मी समृद्धीनं नेहमी नागपूरला जाते. गाडी बीएस-6 टर्बो डिझेल. यजमान म्हणतात, उन्हाळ्यात 20डब्ल्यू-50 जाड ऑइल टाकू, म्हणजे 120 च्या वेगाला इंजिन तापणार नाही. बरोबर आहे का? आणि थांबल्यावर इंजिन किती वेळ चालू ठेवायचं?
(एक शिक्षिका, कारंजा लाड, जि. वाशीम)

उत्तर : ताई, जाड ऑइल इंजिन थंड ठेवत नाही. उलट ते स्वतःच्याच घर्षणानं जास्त तापतं आणि सकाळी टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. तुमच्या गाडीला धुराचा फिल्टर असेल, तर ऑइलच्या डब्यावर नुसता आकडा पाहून भागत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेला कमी राखेचा दर्जा जुळला पाहिजे, नाहीतर तो फिल्टर चोंदतो. यजमानांना मॅन्युअलचं ते पान दाखवा, माझं नाव सांगू नका.

समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, तेव्हापासून माझ्याकडे एक नवीनच तक्रार यायला लागली : शंभर-दीडशे किलोमीटर पाय एकाच जागी, वेग एकच, आणि इंजिनाला उसंत नाही. चांगल्या गाडीला ते झेपतं. ऑइल आणि कूलंट वेळेवर बदललेलं असलं की कूलर आपलं काम करतो. टर्बोचं म्हणाल तर इंटरचेंजवरून उतरून टोलपर्यंत गाडी सावकाश येते, त्यातच टर्बो बराच निवतो. तिथून गावात येऊन थांबलात तर वेगळं थांबायची गरज नाही. भरधाव येऊन थेट पेट्रोल पंपावर थांबलात तर मिनिटभर चालू ठेवा. मला तुमच्या इंजिनापेक्षा टायरची काळजी आहे. मे महिन्याच्या दुपारी सिमेंटच्या रस्त्यावर कमी हवेचा, जुना टायर आधी दगा देतो. हवा सकाळी निघायच्या आधी, टायर थंड असताना भरा. टायरच्या बाजूवर आठवडा आणि वर्षाचे चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे.

प्रश्न : माझ्या गाडीला ऑइल कूलर आहे की नाही, हे खोलल्याशिवाय कसं कळेल?
(एक वाचक, समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि ऑइल फिल्टर शोधा. फिल्टरच्या बुडाशी किंवा हाऊसिंगला रबराचे दोन पाइप येऊन मिळत असतील, आणि तेच पाइप पुढे रेडिएटर किंवा वॉटर पंपाकडे जात असतील, तर पाण्यावरचा कूलर आहे. काही इंजिनांत पाइप दिसत नाहीत, कूलर ब्लॉकलाच चिकटलेला असतो. तेव्हा फिल्टरच्या मागे बोल्टांनी बसवलेलं झाकण पहा. रेडिएटरपुढे लोखंडी नळ्यांची छोटी जाळी दिसली तर तिला लगेच ऑइल कूलर समजू नका. ऑटोमॅटिक गाडीत ती गिअरबॉक्सची असू शकते, काहींत स्टिअरिंगच्या ऑइलची. नळी हातानं धरून शेवटपर्यंत जा, ती कुठे शिरते ते पहा.